अक्काच्या मापाची गाडी

माझ्या हातून आयुष्यात दोनच मोटारसायकली मागून खाली बसल्या. पहिली मी फुशारकीत बसवली, दुसरी भीत भीत. बाकी चाळीस वर्षं काय केलं म्हणाल, तर इंजिन खोललं, इंजिन बांधलं आणि गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणालो. त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. सगळ्या मिस्त्र्यांची कहाणी तीच असते, फक्त हातावरचे चटके वेगवेगळ्या जागी.

आजकालची पोरं मोबाइलवर फोटो दाखवतात. "काका, मागून अशी बसकी करून द्या ना." मी नाही म्हणतो. म्हातारा हेकट आहे म्हणत ती दुसरीकडे जातात. जाऊ देत. हेकट आहेच मी, पण का आहे ते कोणी विचारत नाही, म्हणून न विचारता सांगतो.

ज्यांनी कधी हातात पाना धरला नाही त्यांच्यासाठी आधी थोडी शाळा. मोटारसायकलचं मागचं चाक एका लोखंडी चिमट्यात धरलेलं असतं. चिमट्याचं पुढचं टोक चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडलेलं, मागचं टोक वरखाली हलणारं. या चिमट्याच्या आणि सीटच्या मध्ये दोन बाजूंना दोन शॉकअप. शॉकअप म्हणजे बाहेर स्प्रिंग आणि आत तेलात बुडालेला दांडा. खड्डा आला की स्प्रिंग दबते, आणि आतलं तेल तिला एकदम उसळू देत नाही. एवढंच. गाडी मागून खाली करायची म्हणजे हे शॉकअप आखूड करायचे. ऐकायला सोपं आहे, बाजेचे दोन पाय कापण्यासारखं. पण बाजेला चेन नसते, स्टँड नसतं, मडगार्ड नसतं, आणि बाज घेऊन कोणी भुसावळला जात नाही. गाडी मागून दोन इंच उतरवली की पुढचा दिवा रस्ता सोडून चांदण्या दाखवायला लागतो. स्टँडवर लावलेली गाडी ताठ उभी राहते आणि वारा आला की भलत्या बाजूला कलंडते. सायलेन्सर गतिरोधकाला घासतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चाक आणि मडगार्ड यांच्या मधली जागा संपते. हे शेवटचं मी धुळ्यात शिकलो, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या हाडानं दिली.

तेव्हा मी धुळ्यात आग्रा रोडला एका उस्तादांकडे कामाला होतो. ऐंशी साल उलटून बरीच वर्षं झालेली. एका भुसार व्यापाऱ्याचा पंचविशीतला मुलगा, सगळे त्याला राजूशेठ म्हणत, कॅलेंडरचं एक पान घेऊन आला. पानावर विलायती गाडी. मागून जमिनीला टेकलेली, पुढून हँडल उंच, आणि वर बसलेला माणूस असा हात वर करून, जसा काही दोरीवर कपडे वाळत घालतोय. उस्ताद गावाला गेले होते. मी म्हटलं, हात्तिच्या, हे तर अर्ध्या दिवसाचं काम! स्प्रिंगचे दोन-दोन वेढे कापले, दांडा आखूड केला, स्वतः वर बसून गल्लीत दोन चकरा मारल्या. काय तो रुबाब! राजूशेठ इतका खूश झाला की मला रसवंतीवर घेऊन गेला आणि दोन ग्लास पाजले.

चौथ्या दिवशी त्यानं मित्राला मागे बसवलं. दोघंही खात्यापित्या घरचे. पांझरेच्या पुलाच्या अलीकडे खड्डा आला, चाक वर गेलं ते थेट मडगार्डच्या बोल्टवर. टायर फाटलं, गाडी आडवी झाली. राजूशेठला नुसतं खरचटलं, पण मित्राचं खांद्याजवळचं हाड मोडलं. उस्ताद परत आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून तो बोल्ट पाहिला आणि मला हळूच विचारलं, "बठ्ठं ठीक शे. पन पाहाले मांगे कोनले बसाडं व्हतं तू?"

"मागे कोणालाच बसवून पाहिलं नव्हतं, उस्ताद."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते पुढच्या गाडीकडे वळले. पुढचा दीड महिना मी त्या मित्राला रोज दवाखान्यात आणि मग घरी डबा पोचवला. तो बिचारा हसून म्हणायचा, "भाऊ, आजची भाजी चांगली होती." त्याचा हात पूर्वीसारखा वर गेला नाही तो नाहीच. त्याची रुखरुख मला अजून आहे, आणि ती राहावी असंच मला वाटतं. गाडी मागून खाली करायची नाही हे मी तेव्हाच ठरवून टाकलं.

पुढे जळगावला नशिराबादच्या रस्त्याला मी स्वतःचं गॅरेज टाकलं. नव्वदीची सुरुवात असेल. चैत्रातल्या एका सकाळी नाना आले. नाना म्हणजे फैजपूरकडचे केळीवाले, साठीच्या घरातले. पांढरं धोतर, टोपी, आणि पंचवीस वर्षं वापरलेली बुलेट. इंजिनाचं काम ते माझ्याकडेच करायचे, त्यामुळे ओळख जुनी.

"मिस्तरी, गाडी मांगून खाली कराची हाये."

मी हसलो. "नाना, ते मी करत नाही. आणि तुम्हाला शोभतही नाही. ते पोरासोरांचं काम."

नाना हसले नाहीत. त्यांनी खिशातून सुतळीचा एक तुकडा काढून माझ्या टेबलावर ठेवला. दोन्ही टोकांना गाठी मारलेल्या.

"हे काय?"

"तुह्या अक्काचं माप."

अक्का म्हणजे नानांची बायको. दोन वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत सळई घातली. काठी घेऊन सपाटीवर चालायच्या, पण खुबा फार वाकत नव्हता. जास्त खाली बसलं की उठता येईना, जास्त उंच असेल तर चढता येईना. नानांनी त्यांना घरातल्या प्रत्येक वस्तूवर बसवून पाहिलं. बाज, स्टूल, धान्याची पेटी. शेवटी पेटीवर दुमडलेली गोधडी ठेवली तेव्हा अक्का कोणाचा हात न धरता बसल्या आणि कोणाचा हात न धरता उठल्या. नानांनी तेवढ्याच उंचीची सुतळी तोडून आणली होती.

"आखाजीले तिले माहेरी जायचं हाये," नाना म्हणाले.

खान्देशाबाहेरच्यांना सांगायला पाहिजे. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि आमच्याकडे दिवाळीपेक्षा बायकांचा जीव आखाजीत. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आमरस-पुरणपोळी खातात, आणि आठ दिवस कोणाचं ऐकत नाहीत. अक्का लग्न झाल्यापासून पडेपर्यंत एक आखाजी चुकल्या नव्हत्या. त्यांचं माहेर जामनेरकडे एका खेड्यात. आईबाप केव्हाच गेलेले, एक थोरला भाऊ तेवढा उरलेला, पंचाहत्तरीचा. दोन आखाज्या अक्कांशिवाय गेल्या होत्या. यंदा त्या भावानं निरोप धाडला होता की या वर्षी ये, पुढच्या वर्षाचं मला सांगता येत नाही.

"मग जीप करा ना नाना. चार जण धरून बसवतील."

"तेच त नको तिले." नाना खाली बघत बोलले. "दवाखान्यातून आनलं तव्हा खुर्चीवर बसवून चार पोरांनी उचलून ओट्यावर ठेवलं. तव्हापासून तिनं सांगून टाकलं, आता चौघं उचलतीन ते एकदाच. त्याच्या आंधी मले कोनी उचलायचं नाही. माही मी बसेन, माही मी उतरेन, तरच जाईन."

मी सुतळी हातात घेतली. मोजली, पंचवीस इंच. नानांच्या बुलेटची मागची सीट मोजली, तेहेतीस. मी सुतळी परत ठेवली. मग नानांना धुळ्याची सगळी गोष्ट सांगितली. काही लपवलं नाही. म्हटलं, "तुम्ही दोघं बसणार. माझी पुन्हा चूक झाली तर तुमच्या अक्काचं दुसरं हाड जाईल. मला नाही जमणार."

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे काय चुकते ते तुले ठाऊक हाये. ज्याचं कधी चुकलंच नाही त्याच्याकडे मी कायले जाऊ?"

माणूस केळीचा व्यापार करून पिकलेला. मी चहा मागवला आणि गाडी आत घेतली.

तीन आठवडे मी त्या गाडीशी भांडत होतो. आठ इंच म्हणजे गंमत नाही. आधी मागची उंच स्प्रिंगांची सीट काढली आणि पातळ, रुंद सीट शिवून घेतली, त्यात तीन इंच गेले. मागचं चाक लहान रिमचं टाकलं, त्यात दीड. शॉकअपच्या पोटात, दांड्यावर, लोखंड कातायच्या खराद मशीनवर बनवलेलं दोन इंचाचं बुश, म्हणजे नळीचा तुकडा, घातलं, म्हणजे तो पूर्ण उघडतच नाही. या वेळी स्प्रिंग कापली नाही. भंगार बाजारात चार दिवस हिंडून जाड तारेची आखूड स्प्रिंग शोधली, कारण जागा कमी झाली की स्प्रिंग कडक पाहिजे, नाहीतर चाक वर येऊन आपटणारच. दोघं बसल्यावर गाडी स्वतःच इंचभर दबते. राहिला अर्धा इंच, तो मी अक्काच्या चपलेवर सोडला.

मग गाडीनं एकेक तक्रार काढायला सुरुवात केली. स्टँड कापलं, तर ते आता जास्तच आखूड झालं. पुन्हा तुकडा जोडला. चेन एका बाजूला घासायला लागली. दिवा वाकवून खाली बघायला लावला. मडगार्ड सोडवून वर उचललं, तर नंबर प्लेट आकाशाकडे तोंड करून बसली. बायको म्हणायची, "घरातलं एक काम सांगितलं की उद्या, आणि त्या बुलेटला जेवायला उठवावं लागतं तुम्हाला." खरंच होतं ते. त्या गाडीवर माझा जीव जडला होता.

आणि एक दिवस त्याच बायकोनं माझं मोठं काम केलं. मडगार्ड आणि चाकात किती जागा उरते हे गाडी चालू असताना दिसणार कसं? तिनं भाकरीचं पीठ मळलेलं होतं. मी त्यातला लिंबाएवढा गोळा मागून घेतला आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला, जिथे बोल्ट असतो तिथेच, चिकटवला. शेजारच्या लाकडाच्या वखारीतले दोन धष्टपुष्ट हमाल माझ्या ओळखीचे. एकाला पुढे बसवलं, दुसऱ्याला मागे, आणि जवळच्या रेल्वे फाटकाच्या उंचवट्यावरून गाडी जोरात न्यायला सांगितली. परत आल्यावर वाकून पाहिलं. गोळा जसाच्या तसा. चाकाचा साधा ठसाही नाही. तरी मी त्यांना अजून चार वेळा पाठवलं. पाचव्यांदा मागचा हमाल म्हणाला, "मिस्तरी, गाडी पास झाली, आता मी नापास होतोय." तेव्हा कुठे थांबलो. त्या दिवशी मला उस्तादांना गाडी दाखवावीशी फार वाटली, पण ते तेव्हा या जगात नव्हते.

आखाजीला तीन दिवस राहिले असताना गाडी घेऊन मीच नानांच्या गावी गेलो. खरं सांगायचं तर कौतुक करून घ्यायला गेलो. नानांनी पाहिलं, हात फिरवला, मला वर बसवून सुतळी लावून बघितली. चपलेचा अर्धा इंच सोडला तर तंतोतंत. मग सवयीप्रमाणे गाडी घराच्या ओट्याला लावली आणि हाक मारली, "ये बरं, बसून पाहाय."

अक्का काठी टेकत बाहेर आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळावर मोठं कुंकू. ओट्याच्या काठावर उभ्या राहिल्या आणि खाली गाडीकडे पाहू लागल्या. मी ओट्याकडे पाहिलं. ओटा मांडीएवढा उंच! अक्का आयुष्यभर गाडीवर ओट्यावरून बसत आल्या होत्या. नाना गाडी ओट्याला लावायचे, त्या सरळ सीटवर बसायच्या. जमिनीवरून त्या कधी बसल्याच नव्हत्या. आम्ही दोघा शहाण्यांनी जमिनीपासून माप घेऊन गाडी खाली केली, आणि आता सीट त्यांच्या पायाशी येऊन बसली होती. ओट्याला तीन पायऱ्या, उभट, दगडी. त्या पायऱ्या अक्का दोन वर्षांत एकदाही उतरल्या नव्हत्या. नाना दिवसातून दहा वेळा त्यांवरून मळ्यात जायचे, पण हे त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

अक्का खुदकन हसल्या. "मिस्तरी, गाडी गेली खाली, अन् मी त वरच राहिली की रे!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाना एकदा गाडीकडे बघत, एकदा ओट्याकडे. म्हणाले, "पहिल्यासारखी करून देशीन?"

"पहिल्यासारखी करीन," मी म्हटलं, "इथून बसतीलही. पण तिकडे उतरतील कशा? त्यांच्या भावाच्या दाराशी ओटा आहे का?"

"नाही," अक्का म्हणाल्या. "आंगन हाये नुसतं. सपाट."

म्हणजे गाडी बरोबर होती, ओटा चुकला होता. पण तीन दिवसांत ओटा कसा बदलणार? गवंडी सापडेना, सणाच्या तोंडावर कोण येतो? नाना मळ्याकडे निघून गेले. तासाभरानं केळीच्या बागेतले सहा मजूर, फावडी, घमेली आणि बैलगाडीभर मुरूम घेऊन आले. पायऱ्यांवर मुरूम टाकून लांबच लांब उतार केला, पाणी मारलं, चोपणीनं चोपला. अख्खी गल्ली सल्ले द्यायला जमली. कोणी म्हणे जास्त तिरका झाला, कोणी म्हणे पावसात वाहून जाईल. नाना म्हणाले, "पावसाचं पावसात पाहू. मले आखाजीपुरता पायजे." मीही सदरा काढून घमेली उचलली. नुसतं उभं राहायला तोंड कुठे होतं मला?

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. मी रात्री बसनं घरी जाऊन आणलेल्या माझ्या गाडीवर मागे. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण धुळ्याचा तो खड्डा माझ्या डोक्यातून जाईना. अक्का हिरवं लुगडं नेसून, काठी टेकत, त्या उतारावरून एकेक पाऊल खाली आल्या. गल्लीत बायका दारात उभ्या. अक्का गाडीपाशी पोचल्या, पाठ फिरवली, एक हात नानांच्या खांद्यावर नुसता ठेवला आणि बसल्या. चढल्या नाहीत, नुसत्या बसल्या, जशा घरात पेटीवर बसायच्या. "चला," म्हणाल्या. माझे डोळे भरून आले, हे कबूल करायला मला लाज नाही.

तापीचा पूल ओलांडला, भुसावळ गेलं, आणि जामनेरचा रस्ता लागला. सगळ्या रस्त्यानं माझी नजर त्या मागच्या चाकावर. खड्डा दिसला की मी श्वास धरायचो, खड्डा गेला की सोडायचो. अक्काला कसलीच फिकीर नव्हती. दोन वर्षांचं जग एका सकाळीत बघून घेत होत्या. मला मागून ऐकू यायचं, "आगे माय, हा मळा कोनाचा? विकला वाटते. हळू घ्या हो. हे निंबाचं झाड तोडलं का कोनी? ते पाहा, ते पाहा!" नाना हूं की चूं न करता गाडी चालवत होते.

अक्काचं माहेर हाकेच्या अंतरावर आलं आणि नाना थांबले. पुढे नाला. उन्हाळ्यात कोरडा, पण मोठमोठे गोटे पडलेले, आणि त्यातून गाडीवाट. मी उतरून पाहिलं. काही उपाय नव्हता. दोघं बसून गाडी उतरवली तर सायलेन्सर गोट्यांवर आपटणार आणि गाडी अडकणार. खाली केलेल्या गाडीचा हा दोष मला ठाऊक होता, पण मी डांबरी रस्त्याचाच विचार करत होतो. मी म्हटलं, "नाना, दोघं बसून जमणार नाही."

नाल्याच्या पलीकडे एक म्हातारा उभा होता. पांढरं मुंडासं, हाताचा पंजा डोळ्यांवर आडवा धरून बघत होता. अक्काचा भाऊ. सकाळपासून तिथेच येऊन थांबला होता म्हणे. आम्ही थांबलेले पाहून तो घाईनं गोट्यांवरून यायला लागला. मागून दोन जण आणखी. "उचला रे तिले, पलीकडे आनू," तो ओरडला.

"दादा, हात लावू नको कोनी!" अक्का तिथूनच ओरडल्या. मग नानांना म्हणाल्या, "गाडी घट धरा."

त्यांनी दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. पूर्ण टेकले. काठी पुढे रोवली आणि उठल्या. तिथे ना ओटा होता, ना उतार, ना पेटी. त्या त्यांच्या त्या उभ्या राहिल्या. मग गाडीवाटेनं, गोटा पाहून, काठी पाहून, एकेक पाऊल टाकत नाल्यात उतरल्या. नाला काही फार रुंद नव्हता, पण मला तो संपता संपेना. भाऊ मध्ये येऊन थांबला होता. हात लावायचा नाही म्हटल्यावर तो नुसता त्यांच्या बाजूनं, त्यांच्या चालीनं चालायला लागला. पलीकडच्या काठावर पोचल्यावर अक्का धापा टाकत उभ्या राहिल्या.

"यशोदे," तो म्हणाला, "आली का व माय."

जगात त्यांना नावानं हाक मारणारा तो एकटाच उरला होता. अक्का त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या, आणि तोही रडला. नाना गाडी ढकलत नाल्यातून आणत होते, मी मागून जोर लावत होतो, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

जेवण करून आम्ही निघालो. नानांना राहता येणार नव्हतं. केळीला पाणी द्यायचं होतं, आणि आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी जाते, जावई नाही. अक्का आठ दिवस राहणार होत्या. नानांचा मुलगा नोकरीनिमित्त परराज्यात, घरी दुसरं कोणी नाही. भुसावळला आमचे रस्ते फुटले.

आखाजी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडतोय तर नाना दारात.

"गाडी बराबर चालत नाही, मिस्तरी."

मी शटर अर्धंच सोडून गाडीपाशी गेलो. "काय होतंय?"

"कायतरी होते खरं. तू पाहाय."

मी गाडी नशिराबादपर्यंत पळवली आणि परत आलो. लोण्यासारखी चालत होती. स्प्रिंग पाहिली, बुश पाहिलं, चेन पाहिली. म्हटलं, "नाना, गाडीला काही झालेलं नाही."

नाना बाकावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "दोन वर्सं ती घरात बसून व्हती. मी म्हनायचो, ही कधी बाहेर पडंल. आता पडली, अन् मले घर खाले उठते रे. काल शेजारनीनं पुरनपोयी आनून देली. एकट्यानं खाल्ली. गोडच लागली नाही. गाडीवर बसलो, त मांगे कोनी बोलत नाही. पंचवीस वर्सं झाले, ती मांगून बोलते अन् मी चालवतो. मले अशी गाडी येतच नाही चालवता."

साठीचा माणूस, पन्नास माणसं कामाला ठेवणारा, माझ्या बाकावर बसून हे सांगत होता. मी चहा मागवला.

"मग जा ना नाना, तिकडे."

"इतक्यात न्यायले गेलो त तिचं माहेर बुडंल. अजून पाच दिवस हायेत."

"न्यायला नका जाऊ. राहायला जा."

"या वयात? आखाजीले जावई सासुरवाडीले येऊन बसला म्हनून बठ्ठं गाव हासंल. काय सांगू तिथी?"

मी थोडा विचार केला. धंद्यात मी गिऱ्हाइकाला तारखा खोट्या दिल्या असतील, पण यंत्राबद्दल खोटं कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. म्हटलं, "सांगा, मिस्तरीची सक्त ताकीद आहे. नवीन शॉकअप आहेत, पंधरा दिवस गाडी रिकामी चालवायची नाही. ज्याच्या वजनावर बसवली ते वजन गाडीच्या आसपासच पाहिजे."

"हे खरं हाये?"

"मिस्त्री मी आहे का तुम्ही?"

नानांनी टोपी घातली. चहा अर्धा तसाच ठेवला. घरी कपडे घ्यायलासुद्धा गेले नाहीत, केळीच्या पाण्याचा निरोप माझ्याच तोंडी गड्याला धाडला, आणि गाडीचं तोंड जामनेरकडे वळवलं.

आठव्या दिवशी दोघं मुद्दाम वाकडी वाट करून माझ्या गॅरेजवर आले. अक्का मागे बसलेल्या, उन्हानं लाल झालेल्या. उतरल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "काय रे मिस्तरी, गाडी रिकामी चालवली त बिघडते म्हने?"

मी नानांकडे पाहिलं. नाना दूर कुठेतरी एका ट्रककडे बघत होते.

"हो अक्का."

"खोटं बोलतो चांगलं. पाच दिवस हे आमच्याकडे बसून व्हते. झोके आम्ही घेतले, दोर यांनी धरले. बठ्ठ्या बाया हासून हासून बेजार." त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि आवाज खाली आणला. "पन बरं केलं रे भाऊ. मले बी तिथी झोप येत नव्हती."

मग त्यांनी नानांच्या खांद्यावर थापटी मारली. "चला आता. अन् हळू घ्या."

गाडी रस्त्याला लागली. मी दारात उभा राहून पाहत होतो. या वेळी मला मागचं चाक बघायची आठवणही झाली नाही. अक्का रस्त्याकडे हात करकरून काहीबाही सांगत होत्या, आणि नाना एकाही गोष्टीला उत्तर न देता नुसती मान हलवत होते.